भाड्यात नसलेली ओसरी

मुरबाड,
सोमवार, दुपार

प्रिय बयोकाकू,

तुम्हाला अक्षर वाचता येत नव्हतं, हे मला ठाऊक आहे. तरी लिहिते आहे, कारण उद्या सकाळी तुमचा पुतण्या दत्तू शहापूरहून सुतार घेऊन येतो आहे. आपल्या दोघींच्या दारांपुढच्या ओसरीला फळ्या ठोकायच्या, पुढे दार बसवायचं आणि ओसरी आम्हाला देऊन टाकायची, तीही त्याच भाड्यात! बाहेरच्या माणसांचं निजणं-बसणं कायमचं बंद. मी फक्त 'हो' म्हणायचं. 'नाही' म्हटलं, तर जंगलाच्या एका ठेकेदाराला सगळं घरच हवं आहे, असं तो ह्यांच्या कानावर घालून गेला आहे.

ओसरी बंद करा म्हणून, तुमच्या एका 'हो'साठी, पाच वर्षं मी तुमच्या मागे भुणभुण लावली होती. आणि आता ते माझ्याच तोंडातून निघत नाही. का निघत नाही, ते तुमच्याशिवाय कोणाला सांगू? तुम्हाला जाऊन तीन महिने झाले. निदान मध्येच तोडून बोलणार नाही, एवढा तरी फायदा.

आठवतं का, आम्ही लढाईच्या दिवसांत कल्याणहून बिऱ्हाड घेऊन आलो ते? मोटार कोळशाच्या गॅसवर चालणारी, प्रत्येक चढाला दम टाकणारी. उतरलो तेव्हा माझं तोंड काजळीनं काळं झालं होतं. ह्यांची कचेरीत कारकून म्हणून बदली झालेली. "मुरबाडला आगगाडी नाही," हे म्हणाले होते, "पण सगळं पायाखालचं आहे."

ते मात्र खरं निघालं. तुमच्या दारातून कचेरी दिसायची. देऊळ, विहीर, दवाखाना, शाळा, सगळं हाकेच्या अंतरावर. चुलीवर आमटी ठेवून बाजारात जावं, मिरच्या-कोथिंबीर घेऊन परत यावं, तोवर तिला उकळीसुद्धा फुटत नसे. हे दुपारचे घरी जेवायला येत. पण मला त्या जवळिकीचं कौतुक कधी वाटलं नाही. जिथे सगळं जवळ, तिथे लोकांचे डोळेही जवळ! मी पेठेच्या एका टोकाला शिंकले, तर दुसऱ्या टोकाची बाई संध्याकाळी आल्याचा काढा सांगायला हजर.

आणि त्यात तुम्ही! पहिल्याच दिवशी कमरेवर हात ठेवून उभ्या राहिलात. "दोन खोल्या, मोरी आनि मागची पडवी. ओसरी भाड्यात नाय."

"म्हणजे काय?" मी विचारलं.

"म्हंजे ती कचेरीच्या मानसांची. रानातून तारखेला येतात. येका दिसात परत जायाला नाय होत. निजतात आनि जातात. तुला काय खातात काय?"

माझ्या दाराबाहेर, एका फळीच्या अंतरावर, कचेरीतल्या जमिनीच्या तारखांना आलेली डोंगरातली अनोळखी माणसं निजणार! काकू, मी संशयी आहे. माझी आईसुद्धा म्हणायची, ही दूध पिण्याआधी म्हशीला चार प्रश्न विचारील. मला वाटलं, तुम्ही त्यांच्याकडून काहीतरी घेत असणार. फुकट कोण कोणाला निजू देतं?

मग दुसऱ्या वर्षी मला दिवस राहिले. त्याआधी दोन वेळा राहिले होते आणि दोन्ही वेळा चौथ्या महिन्यात गेले. हे तुम्हाला मी कधी सांगितलं नाही. तिसऱ्या वेळी मी ह्यांच्याशिवाय कोणाजवळ ब्रही काढला नव्हता. आणि तुम्ही एका सकाळी मला खालून वरपर्यंत न्याहाळलंत आणि म्हणालात, "गो कारकुनीन, आंबट खावासा वाटतो काय?"

तुम्हाला कसं कळलं? तुम्हाला मूलबाळ नाही, नवरा नाही, आणि तुमची नजर माझ्या पोटावर! मी पदर ओढून घेतला आणि आत गेले.

त्यानंतर चारच दिवसांनी तो पहिला पुडा दिसला. दिवस राहिल्यापासून मला लवकर जाग येई; पहाटे सडा घालायला मी दार उघडलं, तर ओसरीवर, तुमच्या आणि माझ्या दाराच्या बरोबर मधोमध. पळसाच्या पानांचा, वाखानं आवळून बांधलेला. मी काडीनं उघडून पाहिला. आत काळे उडीद, दोन सुक्या लाल मिरच्या आणि वर मूठभर तांदूळ.

तुम्हीच सांगा, दोन वेळा पोट रिकामं झालेल्या कुठल्या बाईनं ह्याला डाळ-तांदूळ म्हटलं असतं? मी म्हटलं, करणी! चिमट्यात धरून तो पुडा मागच्या ओढ्यात टाकला, पाय धुतले आणि वळून न बघता घरात आले. ह्यांना सांगितलं, तर हे हसले. म्हणाले, "टाकलास कशाला? उडदाचं घुटं केलं असतंस." मला हसू आलं नाही.

मग पुडे येतच राहिले. कधी नाचणी, कधी रताळी, कधी मोहाची फुलं. एकदा तर सुकट निघाली. सुकटीनं करणी कोण करतं? पण संशयाला उत्तर हवंच असतं असं नाही. मी मनाशी म्हटलं, हे आपली दिशाभूल करायला. सगळं ओढ्यात! तुमचं पुढचं दार उघडायच्या आत, तारखेवाली माणसं निघून गेली रे गेली, की मी ओसरीवर.

आणि तुमचे ते उपास! सोमवार, शनिवार, चतुर्थी, आणि मध्येच एखादा बुधवार. कधी विचारलं, जेवलात का, की "माजा उपास हाय". माझ्या मनात यायचं, ही म्हातारी इतके उपास करते ते कोणाच्या वाइटावर? मग एका पहाटे ओसरीभर राख पसरलेली दिसली. दिसली म्हणजे, पाय पडल्यावर दिसली. माझी पावलं तिच्यात पुडा होता तिथपर्यंत स्पष्ट उमटली होती. त्या दिवशी मी ह्यांना म्हटलं, आता माझं काही खरं नाही. दुपारी तुम्ही अंगणात भेटलात, माझ्या पायांकडे पाहिलंत आणि सरळ आत गेलात. आणखी काय पुरावा हवा होता मला?

पोर सुखरूप झाली. तेल चोळायला सुईण मिळेना, तेव्हा तुम्हीच आलात. महिनाभर रोज तुम्ही पाय लांब करून तिला त्यावर पालथी घातलीत. आणि मी? तुम्ही यायच्या आधी तिच्या गालाला दुप्पट मोठी तीट लावायची. तुम्ही गेलात की मीठ-मोहरी ओवाळून चुलीत टाकायची. हे लिहिताना मला लाज वाटते. लिहिते तरी आहे.

ह्या भाद्रपदात तुम्हाला ताप आला. सातच दिवस. दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले, ताप साधा आहे, पण बाईंच्या अंगात काही उरलंच नव्हतं. लढाईत धान्य कसं मिळत होतं ते सगळ्यांना ठाऊक आहे. पण तुमच्या घराचं भाडं दर महिन्याला दत्तू घेऊन जायचा, तुमचा भातशेतीचा तुकडाही त्यानंच घेतलेला, हेही मला ठाऊक होतं. मग तुम्ही खात काय होतात, हा एवढा एक संशय मला कसा आला नाही? मला, जिला सगळ्याचा संशय येतो?

गेल्या बाजाराच्या दिवशी बुधी आली. डोंगराखालच्या वाडीवरची, लाकडाच्या मोळ्या विकणारी. जमिनीच्या तारखेसाठी ती कित्येक वर्षं ओसरीवर निजते, पण मी तिच्याशी कधी बोलले नव्हते. तिनं मोळी उतरवली, कनवटीचा पुडा काढला आणि सरळ माझ्या हातात ठेवला. तेच पळसाचं पान! मी हात असा झटकला की पुडा खाली पडला.

"आशी काय करतेस गो बाय?" ती म्हणाली. "तुला तं आमचा उडीद आवडतो ना! काकू सांगायची."

"काय सांगायची?"

"सांगायची, बुधे, पुडा जरा भरून ठेव. माजी भाडेकरीन पोटुशी हाय, तिला डोहाळं लागल्यात. फाटफटी उठून गुपचूप नेते बिचारी. राख टाकून पाय बगितला तवा कललं तिला. पन आमाला बोलली, कुनी तिला काय बोलायचा नाय. मंग पोर झाली, तं बोलली, पोर अंगावर पिती, नेऊं दे."

मी विचारलं, "पण ते पुडे कोणासाठी ठेवत होतात तुम्ही?"

"काकूसाठीच. निजायला देते, तिच्या हातात दिला तं घेत नाय, म्हनून खाली ठेवून जायाचा. तेच व्हता तिला जेवायला. मंग इचारला, काकू, तू काय खातेस? तं बोलायची, माजा उपास हाय."

मी ओसरीवर बसले. पाच वर्षांत पहिल्यांदा तिथे बसले. बुधीनं खाली सांडलेले उडीद एकेक करून वेचले, पुडा पुन्हा बांधला आणि माझ्या शेजारी ठेवला. ती म्हणाली, "रडू नको. म्हातारी व्हती, गेली."

काकू, तुम्ही मला एकदा विचारायचं होतंत! "गो, ते खातेस काय?" एवढंच. मी रागानं लाल झाले असते, चोर म्हणता का म्हणून भांडले असते, पेठ गोळा झाली असती आणि दोन घटकांत सगळं उघडं पडलं असतं. पण तुम्ही गप्प आणि मी गप्प. एकाच भिंतीच्या दोन बाजूंना राहून आपण एकमेकींकडे डोळे लावून बसलो होतो, आणि दिसलं काहीच नाही.

पण नाही! चार रात्री झोप नाही, आणि आता वेगळंच डोक्यात आलं आहे. तुमचं मागचं दार ओढ्याकडे उघडतं. पहाटे त्या दारातल्या दगडावर बसून तुम्ही मिसरी लावायच्या. आणि मला सातवा लागला होता, त्या श्रावणात तुम्ही एकदा पडवीतून हाक मारून म्हणाला होतात, "गो, वढ्याला जपून जात जा. दगड निसरडं झाल्यात."

मी ओढ्यावर जाते हे तुम्हाला कोणी सांगितलं? पाणी मी विहिरीचं भरायची. धुणं मोरीत. ओढ्यावर माझं एकच काम होतं.

तुम्ही पाहिलं होतंत ना? खरं सांगा. चिमट्यात धरलेला पुडा, पाण्यात फेकणं, पाय धुणं, सगळं पाहिलं होतंत. आणि असं पाय धुणं कशासाठी असतं, हे मुरबाडच्या म्हातारीला कोणी समजावून सांगायला नको. मग डोहाळे वगैरे तुम्ही रचलंत का? बुधीला आपले तांदूळ पाण्यात गेलेले कळू नयेत म्हणून? की मला पेठेत कोणी नाव ठेवू नये म्हणून? मी तुम्हाला काय समजते हे ठाऊक असून तुम्ही माझ्या पोरीला मांडीवर घेत होतात का? बाकी सगळे संशय माझे खोटे ठरले, हा एक मात्र काही केल्या जात नाही. आणि ह्याचं उत्तर देणारी तुम्ही एकटी!

ह्यांना काल सगळं सांगितलं. ह्यांनी अडकित्ता घेऊन सुपारी कातरली. मग म्हणाले, "घर गेलं तर कचेरीजवळ दुसरं मिळायचं नाही, शांते." मी म्हटलं, ठाऊक आहे. दत्तू फळ्या ठोकायला एवढा उतावीळ का, तेही मला दिसतं आहे. आज आम्हाला ओसरी देईल, उद्या आम्हाला काढील आणि परवा तिथे दुकान मांडील. पण तो तसा नसता, अगदी देवमाणूस असता, तरी आता मला 'हो' म्हणता येणार नाही.

तेव्हा तुम्हाला वचन देते, काकू. उद्या सुतार आला की त्याला चहा पाजून परत पाठवीन. दत्तूला ह्यांच्यासमोर, शेजारपाजार ऐकेल अशा आवाजात, नाही म्हणून सांगेन. त्यानं घर काढून घेतलं, तर पोरीला कडेवर घेऊन ह्याच पेठेत दारोदार बिऱ्हाड विचारत फिरेन. आणि जिथे मिळेल तिथे आधी ओसरीचं विचारेन.

आणि गुरुवारी बुधी येईल. तिला मी माझ्या तोंडानं सांगणार आहे, की तिच्या पुड्यातला एक दाणा मी कधी खाल्ला नाही. का खाल्ला नाही, तेही सांगणार आहे. ती थुंकून निघून जाईल, कदाचित वाडीवर सगळ्यांना सांगेल. सांगू दे. तुम्ही लोकांना एवढंच सांगितलंत की शांता भुकेली आहे. मी काय होते, ते तुम्ही कोणाला कळू दिलं नाहीत. आता ते मीच सांगेन.

तुमची,
शांता