टेबलाला पडलेली शिवण

बाबा,

आज सकाळी पुण्याचा कारागीर येऊन मोठ्या टेबलाचं कापड बदलून गेला. तो कापड ताणत होता आणि मी शेजारी हात बांधून, शहाण्या मुलीसारखी उभी होते. तुम्ही असता तर नक्की हसला असता.

जालन्याच्या मस्तगडातल्या आपल्या पूल-बिलियर्डच्या हॉलचं नाव एकाच गोष्टीसाठी होतं, टेबल बराबर. रोज सकाळी तुम्ही स्वतः दोन-तीन बॉल सोडून बघायचात, मगच गिऱ्हाइकाला हात लावू द्यायचात. त्या वर्षी कापड फाटलं आणि तुम्ही नेमके आत्याच्या घरच्या लग्नाला टेंभुर्णीला निघालात. "पुण्याला फोन लाव. कारागीर येईस्तोर टेबल बंद ठेव," एवढंच सांगून गेलात. मी अठ्ठावीस वर्षांची, कॉमर्स शिकलेली, स्वतःच्या मते फार हुशार. म्हटलं, हिरवं कापड काय जालन्यात मिळत नाही? शाळेच्या गणवेशाचं स्वस्तात आणलं. पन्हा कमी पडला, म्हणून शिंप्याकडून दोन तुकडे जोडून घेतले, इस्त्री फिरवली, खिळे ठोकले. टेबलाच्या मधोमध लांबच्या लांब शिवण. मला तर ते फारच देखणं वाटलं होतं.

तुम्ही रविवारी दुपारी पिशवीसकट थेट हॉलवर आलात. आपले रोजचे वकीलकाका शेवटचा काळा बॉल मारत होते. बॉल कोपऱ्याकडे निघाला, शिवणीला टेकला आणि तिच्याच कडेनं निमूट चालू लागला. अख्खा हॉल खो खो हसायला लागला. कुणीतरी ओरडलं, "अहो मालक, टेबलाला पॅन्ट शिवली काय!" तुम्ही वाकून शिवणीवरून बोट फिरवता, मग माझ्याकडे बघता. आणि तुम्ही म्हणता, "हसा, हसा. मीच म्हणल्तो हिला, जोडून घे म्हणून. बिलकुल माझीच अक्कल."

घरी, स्वयंपाकघरात मात्र ऐकवलंत. "टेबल बंद असलं तर कुणी नावं ठेवत न्हाई. पण खोटं टेबल खेळायला दिलं, तर मंग लोकं आपल्यावर भरवसा कशाला ठेवतील?" मी रडत रडत भाकरी खाल्ली. दुसऱ्या दिवशी एकेक खिळा मलाच उपटायला लावलात, आणि महिन्याभरात हॉलच्या चाव्या माझ्या हातात दिल्यात. जिनं तुमचं नाव घालवलं, तिच्याच हातात! आज माझं घर याच हॉलवर चालतं, बाबा. तुमचे उपकार कसे सांगू, मला खरंच कळत नाही.

हे पत्र कुठे पाठवणार? घडी करून गल्ल्यात ठेवते, पण एक कबूल करते. वकीलकाका अजून येतात आणि नव्या गिऱ्हाइकांना रंगवून सांगतात, हिच्या वडिलांनी एकदा काटकसरीपायी टेबल शिंप्याकडून शिवून घेतलं होतं. सगळे हसतात. ते मी केलं होतं, एवढंच तर म्हणायचं असतं. तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली, आणि मी अजून त्यांच्यासोबत नुसती हसते.