काड्यांच्या विजेची करमाफी

अण्णा,

आज दुपारी माफीचं पत्र आलं. कारखान्याच्या फाटकात उभ्याउभ्याच वाचलं, मग तिथल्याच ओट्यावर बसले आणि बऱ्याच वेळानं आतल्या माणसांना हाक मारली. हा कारखाना तुम्ही पाहिलेला नाही. तुम्ही गेलात तेव्हा मी नोकरीत होते. सायखेड्याच्या थोडा अलीकडे आहे. द्राक्षबागांची छाटणी झाली की ज्या काड्या लोक बांधावर पेटवून देत, त्या आम्ही विकत घेतो, तुकडे करून बॉयलरमध्ये जाळतो आणि त्या वाफेवर केलेली वीज आमच्याच शीतगृहाला वापरतो. अशा विजेवरचा कर राज्य सरकार काही वर्षं माफ करतं. अट एवढीच, की कोळसा ठरलेल्या मर्यादेपलीकडे जाळायचा नाही. ही माफी गेली असती तर कारखाना बंद करावा लागला असता, आणि तीस माणसांना काय सांगायचं ते मला सुचत नव्हतं.

गेल्या पावसाळ्यात ती अट आमच्याकडून मोडली. वाऱ्यानं शेडचे पत्रे उडाले, काड्यांचा ढीग भिजून काळा पडला, त्यात गावाची लाइनही गेलेली. शीतगृहात आसपासच्या लोकांचा टोमॅटो, सिमला मिरची. बॉयलरवाला धावत आला, "ताई, वली काडी पेटत नाय. कोळसा टाकू का? नायतर लोकांचा माल गेला समजा." मी म्हटलं, "टाका." पुढचे बारा दिवस आम्ही कोळसाच जाळला.

मार्चनंतर माफीसाठी लिहून द्यायची वेळ आली तेव्हा मला आपलं स्वयंपाकघर आठवलं. मी नववीत आहे, तुम्ही करखात्यात अधिकारी आहात. माझ्या मैत्रिणीच्या वडिलांच्या तेलघाण्याची करसवलत तुम्ही नाकारली आहे, घाणा बंद पडलाय आणि ते सगळे येवल्याला निघून गेलेत. तुम्ही ऑफिसातून येऊन मेथी निवडत बसला आहात आणि मी दारातून ओरडते आहे, "सही करायला तुमचं काय जात होतं?" तुम्ही मान वर न करता म्हणता, "त्यांनी आधी येऊन खरं सांगितलं असतं, तर मीच वाट काढून दिली असती. लपवलेलं सापडलं की माझ्या हातात काही राहत नाही. आणि या घरात असा आवाज चढवायचा नाही." मी महिनाभर तुमच्याशी बोलले नाही. त्या रात्री तुम्ही जेवला नव्हता, हे आईनं खूप वर्षांनी सांगितलं. तेव्हाही मला ते पुरेसं वाटलं नाही. वाट काढून दिली असती म्हणे! खुर्चीतला माणूस असंच बोलणार, असं मी इतकी वर्षं धरून चालले.

नाशिकच्या कार्यालयातल्या अधिकारी बाई माझ्या मुलीच्या वयाच्या होत्या. फाइल चाळता चाळता त्यांनी सहज विचारलं, "पावसात काड्या कोरड्या कशा ठेवता हो तुम्ही?" आणि माझ्या तोंडून सगळं बाहेर पडलं, पत्रे, मिरची, बारा दिवस. त्यांनी पेन खाली ठेवलं. "मॅडम, हे लिहून द्याल?"

"देते."

"मग तेवढा महिना माफीतून वगळावा, असं मी वर लिहिते. त्या महिन्याचा कर भरावा लागेल. पण निर्णय माझ्या हातात नाही, हेही सांगून ठेवते."

त्यानंतरचे दोन महिने मी कसे काढले ते विचारू नका. माणसं मजेत काड्या उतरवत होती आणि मला त्यांच्याकडे बघवत नव्हतं. आज कळलं, तो एक महिना गेला, बाकी सगळी माफी मिळाली. बॉयलरवाल्यानं इतक्या जोरात शिट्टी मारली की रस्त्यावरचा ट्रॅक्टर थांबला. मी हसत होते आणि डोळ्यांतून पाणी येत होतं. तुम्ही तेव्हा मला खरं तेच सांगत होतात, अण्णा. वाट असते. मनातला तुमच्यावरचा राग आज गेला, आणि त्याचं ओझं किती होतं ते तो गेल्यावर कळलं.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणून शेवटचंही लिहिते. नाशिकला त्या दिवशी मी खरं सांगायला गेले नव्हते. "कोळसा मर्यादेतच वापरला" असं टाइप केलेला, माझ्या सहीचा कागद पर्समध्ये होता. बाईंनी दुसरं काही विचारलं असतं, तर मी तोच पुढे केला असता.