कॉम्प्युटरसाठी घातलेलं गाऱ्हाणं

रत्नागिरी,
१८ मार्च २००४

चि. ऋजुता,

आशीर्वाद. आम्ही दोघं ठणठणीत. पत्ता तुझ्या आईकडून घेतला. तू आम्हाला न विचारता लग्न केलंस, त्यानंतरचं माझं हे पहिलं पत्र, तेव्हा अक्षर बघून दचकू नकोस. आंबा यंदा झकास आहे. जो तो मोहोर गळला म्हणून रडतोय, आपली कलमं मात्र लगडलीत.

तर तुझा कॉम्प्युटर. तू गेल्यापासून आंब्याच्या पेट्यांची लेबलं त्याच्यावर मीच छापतो. गेल्या आठवड्यात त्याने मान टाकली. चालू केला की निळा पडदा आणि इंग्रजीत शिव्या! दोन थपडा घातल्या, तरी ढिम्म. पहिली पेटी निघायच्या वेळी हा असा अडून बसला. तुझी आई म्हणाली, "माणूस बोलावलाय, सावर्ड्याहून येतोय." कोण ते मी विचारलं नाही. तुझा नवरा सुट्टीत एकटाच सावर्ड्याला आपल्या घरी आलाय हे मला ठाऊक होतं.

अभय आला. मी 'ये' म्हटलं नाही, 'जा'ही म्हटलं नाही. अंगणात नारळ सोलत बसलो. एक पुरे होता, अख्खा ढीग सोलला.

त्याने डबा खोलून धूळ झटकली. म्हणाला, "लेबलं फ्लॉपीवर काढून घेतलीत. आता सगळं पुसून विंडोज नव्याने टाकायला लागेल."

सगळं पुसायचं म्हटल्यावर मी नारळ घेऊन उठलो. पहिली पेटी निघताना घालतो तसं गाऱ्हाणं घालायला नको? तो म्हणाला, "मी हात जोडणार नाही हं बाबा, आमच्यात हे करत नाहीत. पण शेजारी उभा राहतो." तोंडावर सांगितलं! मला आवडलं. खोटे हात जोडणारे मी पुष्कळ बघितलेत.

आता माझी फजिती ऐक. गाऱ्हाणं सुरू झालं की तोंडात बसलेलं आपोआप येतं. "बा देवा महाराजा, आज ह्या घरात जे काय काम काढलंय ते तडीस ने. गुराढोरांना सांभाळ, कलमांना सांभाळ, लेकीजावयाला सुखात ठेव..." मेलो! तुझ्या लग्नापासून एवढे शब्द मी गाळत आलोय. त्या दिवशी सगळं लक्ष कॉम्प्युटरकडे, गाळायचं राहून गेलं. मी थांबतोय तोवर तुझ्या आईने "होय महाराजा!" अशी आरोळी ठोकली की शेजारच्या यमुनाबाई कुंपणाशी धावत आल्या, "काय झालं गो?" देवापुढे गेलेला शब्द, आता परत कसा घेणार?

अभय सीडी हातात धरून खाली बघत हसत होता. मग मलाही आवरेना. किती दिवसांनी ह्या घरात असं हसलो ग!

पडद्यावरची पट्टी गोगलगायीसारखी सरकत होती, तेवढ्यात जेवणं झाली. कुळथाचं पिठलं त्याने मागून मागून खाल्लं. शेवटी सूर वाजला, पडदा उजळला आणि तुझ्या आईने टाळ्या पिटल्या. लेबलं आता फटाफट निघतात.

जाताना त्याने हात पुढे केला. मी तो बराच वेळ धरून ठेवला, पण 'ऋजुताला घेऊन ये' एवढं काही तोंडातून निघालं नाही. म्हणून लिहितोय. तुझ्याशिवाय घर खायला उठतं. माझा राग केव्हाच गेलाय, नुसता हट्ट उरला होता.

तुम्हाला पेटी पाठवणार नाही. आंबे आढीत घातलेत. खायचे तर दोघांनी इथे यायचं.

देवासमक्ष तुम्हा दोघांचा,
बाबा