खाडीवरची पुसलेली हवा

मी, कावेरी सूर्यकांत टिल्लू, वय एकाहत्तर, निवृत्त चित्रकला शिक्षिका, राहणार करामा, दुबई, पूर्ण शुद्धीवर आहे. माझे बोलणे या घरात कोणी ऐकून घेत नाही, म्हणून हे मृत्युपत्र स्वखुशीने लिहिते.

१. कोथरूडचा फ्लॅट व बँकेतली शिल्लक मुलगा सुजीत याला. दागिने नात आभाला. पैठण्या सून मुग्धाला. ती कपडे जपते, हे मान्य आहे.

२. फ्रेंच निसर्गचित्रांचे जाड पुस्तक शेजारच्या नबिलाला. यजमानांनी, कै. सूर्यकांत यांनी, मला एकदा पॅरिसला नेले आणि तिथल्या संग्रहालयातून "खलास, झाडंच तर आहेत, चल" म्हणून बाहेर काढले. त्या लोकांनी झाड आणि डोळा यांच्यामधली ओलसर, रुपेरी हवा रंगवली होती. नबिला ते पुस्तक बघताना गप्प बसते, मला तेवढे पुरे.

३. शारजाच्या खाडीचे तैलचित्र. ऑगस्टच्या पहाटे एसीतून बाहेर पडताच चष्म्यावर वाफ धरते, ती हवा मला फ्रेंचांच्या रीतीने पकडायची होती. बोटी, इमारती आधी रेखीव रंगवल्या, सुकू दिल्या, मग त्यांवर करड्या-पांढऱ्या रंगाचे पातळ हात दिले. दोन वर्षे गेली. जन्मात हे एकच चित्र मनासारखे झाले आणि प्रदर्शनासाठी निवडले गेले. मी पुण्याला गेले असताना सुजीत-मुग्धाने टर्पेंटाइनचा बोळा फिरवून ते लख्ख केले. इथे वाळवंटाची धूळ रोज पुसावी लागते; चित्रावरही तीच बसली, असे दोघांना वाटले.

"मम्मी, सरप्राइज! किती डस्ट होती! आता बोटीवरचा नंबरसुद्धा वाचता येतो," सुजीत म्हणाला.

"सो मच बेटर, आजी," आभा म्हणाली.

मी रडत रडत समजावले. "सॉरी ना. यल्ला, चल, परत मार एक हात," एवढेच उत्तर सुजीतने दिले. माझा हात आता थरथरतो. प्रदर्शनाला मी नकार कळवला. दोघांना मी माफ केलेले नाही, याची नोंद असावी.

४. सदर चित्र हॉलमध्ये आहे, ते सुजीतने ठेवावे. पुसताना कोपऱ्यातली माझी सही तेवढी सांभाळली, हे तो पाहुण्यांना कौतुकाने सांगतो. माझ्यामागे त्याने तीही पुसून टाकावी.

वरील मजकूर मी वाचला, तो माझाच आहे.

कावेरी सू. टिल्लू

साक्षीदार: मैमुनाबी परकार, निखिल देवस्थळी

दुबई, ११ फेब्रुवारी २०२५