शोभाबाईंना हवा असलेला रिपोर्ट

फोपनार, बुधवार

तीर्थस्वरूप मालूअक्कास,

लीलाधरचा जळगावकडे तोंड करून दंडवत. तुझा गुडघा कसा आहे? दाजींचा खोकला? (विड्या सोडा असं मी आता म्हणत नाही, मागच्या वेळी त्यांनी मलाच अंगणात काढलं होतं.) पत्र बघून घाबरू नकोस. फोनवर तू मला बोलू देत नाहीस, म्हणून लिहितोय.

तुझा भाऊ चौऱ्याहत्तर वर्षांचा निघाला, असं तुझ्या कानावर आलंय म्हणे. खोटं आहे. म्हणजे कागदावर तसं छापलंय, पण खोटं आहे. शोभाबाईंचं स्थळ तूच आणलंस. सुमन जाऊन सहा वर्षं झाली, माझं वय एकोणपन्नास, धंदा केळीचा. शहरातल्या विज्ञानाच्या मास्तरीणबाईंना मी काय दाखवणार? पत्रिका पाठवली. ती परत आली, सोबत निरोप, की ग्रह राहू द्या, शरीराचा मशीनवरचा रिपोर्ट आणा. बुऱ्हाणपुरात वसंत सर आहेत, पूर्वी शाळेत पीटी शिकवायचे, आता व्यायामशाळा चालवतात. त्यांच्याकडे ते मशीन आहे. पायाखाली पत्रे, हातांत दोन दांडे. उभं राहिलं की अंगात चरबी किती, पाणी किती, मांस किती ते सांगतं आणि शेवटी शरीराचं वय छापतं.

पहिल्यांदा गेलो तो कौतिककाकाकडचं जावळाचं जेवण आटोपून. (भरीत, पुऱ्या आणि वर दोन लोटे ताक. आग्रह मोडवत नाही.) वय छापून आलं चौऱ्याहत्तर. सर म्हणाले, "अहो भाऊ, असं मोजतात का? चार तास उपाशी या, लघवी करून या, अंगावर धातू नको, येण्याआधी मेहनत नको. आणि पाय अनवाणी."

मी सांगितल्यापेक्षा जास्तच पाळलं. चार तासांऐवजी दीड दिवस उपाशी, पाण्याचा थेंबही नाही. चांदीचा करगोटा काढला, बक्कल लोखंडाचं म्हणून पट्टाही काढला. पण दोन्ही हातांत दांडे धरल्यावर पँट कोण धरणार? ती केळीच्या खोडाच्या सोपटाने बांधली. वय आलं एकोणऐंशी! सर कपाळाला हात लावून म्हणाले, "पाणी कमी झालं की मशीनला सगळी चरबीच वाटते. जेवण बंद ठेवायचं होतं, पाणी नाही."

तिसऱ्या वेळेची मी तयारी केली. अनवाणी उभं राहायचं, तर सवय हवी, म्हणून पंधरा दिवस चपलाच घातल्या नाहीत. बागेत, बांधावर, फोपनारच्या बाजारात, सगळीकडे तसाच. (लोकांना वाटलं नवस केलाय. दोघींनी मला नारळही दिला.) सोमवारी सकाळी सहाला मशीनवर चढलो. मशीन म्हणालं, "कृपया प्लेट पर पैर रखें." मी म्हटलं, ठेवलेत. ते पुन्हा म्हणालं. मी पाय आपटले. सरांनी वाकून माझे तळवे बघितले आणि हळूच म्हणाले, "लीलाधरभाऊ, तुमची कातडी इतकी जाड झालीय की करंट आत जातच नाही. मशीनच्या हिशेबाने इथे कोणी उभंच नाही."

मग मला कोमट पाण्याच्या टबात पाय घालून बसवलं, हातात वजरी दिली. पँट गुडघ्यापर्यंत, कमरेला सोपट, आणि मी टाच घासतोय, तेवढ्यात दारातून शोभाबाई आल्या. फोटोवरून ओळखलं. त्यांनीही ओळखलं, कारण वजरी माझ्या हातून निसटून त्यांच्या पायाशी गेली.

"तुम्ही फोपनारचे?" त्या म्हणाल्या.

"हो. सध्या मशीनला दिसत नाहीये."

त्या हसल्या नाहीत. इकडेतिकडे बघून बाकावर बसल्या आणि पर्समधून चार घड्यांचा कागद काढून माझ्यापुढे धरला. वय: अडुसष्ट. अक्का, त्या पंचेचाळीसच्या आहेत!

"पाच दिवस येतेय," त्या म्हणाल्या. "तुमचा रिपोर्ट मागून बसले. उद्या तुम्ही माझा मागितला तर?"

मी माझे दोन्ही कागद दिले. त्यांनी ते पेपर तपासावेत तसे तपासले. "उंची पाच फूट एक?" मी पाच आठ आहे. शोभाबाईंची उंचीही सरांनी चुकीचीच टाकली होती. सर चष्मा पुसत म्हणाले, आता बरोबर टाकतो. इतक्यात वीज गेली.

दोघंही उपाशी होतो. समोर पोहे आणि मावा जिलेबी मिळते. शोभाबाईंनी प्लेट मागवली आणि अर्धी जिलेबी माझ्याकडे सरकवली. सुमन गेल्यापासून माझ्यापुढे कोणी काही सरकवलं नव्हतं, अक्का. मी ती हातात धरूनच बसलो. त्या म्हणाल्या, "गरम आहे का?" मी म्हटलं, हो. ती गार होती.

दाजींना नमस्कार.

तुझा,
लीलाधर

ता. क. वीज तासाभराने आली, पण आम्ही व्यायामशाळेत परत गेलो नाही.

ता. क. २. पत्राचं खरं कारण. काल आम्ही दोघं विवाह नोंदणीच्या ऑफिसात जाऊन लग्नाची नोटीस देऊन आलो. आता महिनाभर ती फोटोंसकट तिथल्या भिंतीवर राहणार. शोभाबाईंच्या आईला अजून कोणी सांगितलेलं नाही. शोभाबाई म्हणतात तुम्ही सांगा, मी म्हणतो अक्का सांगेल. हे पत्र मिळताच त्यांच्या आईला फोन कर. त्या ऑफिसात शिपाई आहे भाईदास, तोच, दाजींचा मावसभाऊ, आणि त्याने नोटीस चिकटवतानाच खिशातून मोबाईल काढला होता.