उंबराजवळची ओली फांदी

चेणे, मीरा-भाईंदर
सोमवार, ता. १० फेब्रुवारी २०२५

चि. संचिता हिला आजीचे पोटभर आशीर्वाद.

पत्र लिहिण्याचं कारण असं की फोनवर तू बोलतच नाहीस. हं, बरी आहे, जेवले, एवढ्यात तुझा फोन संपतो आणि मी कानाला लावून तशीच बसते. म्हणून तुझ्या आईला भाईंदरच्या पोस्टात पाठवून पाच निळी पत्रं आणवली. तिथल्या माणसानं म्हणे तिला दोनदा विचारलं की हीच हवीत ना. माझी शाळा दुसरीपर्यंत, पुढचं तूच शिकवलंस, तळ्याच्या वाटेवरच्या पाट्या रंगवताना. त्यामुळे माझं अक्षर पाटीएवढं येतं आणि कागद भसाभस भरतो. चुका काढत बसू नकोस.

आधी आनंदाची बातमी. तुझी आजी गाईड झाली! हसलीस ना? हस. आजोबा गेल्यावरही रविवारी फिरायला येणारी माणसं दारात यायची आणि नाथाकाका कुठे म्हणून विचारायची. तुझे पप्पा सांगायचे की आता बंद. मला काही ते बघवेना. एका रविवारी पदर खोचला आणि निघाले पुढे. काल सव्वीस जण होते. मिरा रोडच्या एका बाईचे बूट इतके भारी की मला वाटलं चंद्रावर निघाली. आणि मी आपली रबरी चपलेत. तीच सारखी म्हणत होती की आजी, हळू चला. काटेसावर फुलली आहे, तळ्याचं पाणी लालेलाल दिसतं. धनेशाची जोडी दिसली. मी माझ्या हिंदीत माहिती देते. वानरं झाडावरून ऐकतात आणि लांब जातात.

उंबरापाशी सगळ्यांना थांबवून फांदीचं सांगते, जसं हे सांगायचे. की इथून दोन वाटा. उजवी बांधावरून फिरून घरी जाते. डावी उतरते काळ्या कातळावर, तिथे शेवाळ, खाली खोल पाणी. म्हणून डाव्या वाटेवर फांदी आडवी. सुकी नाही, ओली. सुकी वाऱ्यानं पडते, ओली माणूस ठेवतो. ती दिसली की पाय मागे घ्यायचा. बुंधा डोंगराकडे आणि पाला पाण्याकडे, ही मात्र आपल्या घराची खूण, माझ्या सासऱ्यांपासूनची. ती मी कुणाला सांगत नाही. एका काकांनी विचारलं की वाटेवर कचरा का टाकलाय, तर सगळ्यांसमोर त्यांची शाळाच घेतली.

शेवटच्या दोन वर्षांत ह्यांना माझं नाव आठवेना, मला मावशी म्हणायचे, आठवतं ना गं? मीही ओ द्यायची. पण तीनचा चहा पिऊन तळ्याला फेरी घालायची ती चुकली नाही. डोकं विसरलं, पाय नाही विसरले. उंबरापाशी फांदी बघायची आणि उजवीकडे वळायचं. ती फांदी मी सकाळीच जाऊन ठेवायची, त्यांना वाटायचं आपणच ठेवली. गावात अजून बोलतात की नाथा शेवटी फांदीसुद्धा विसरला, ओलांडून कातळावर गेला. बोलोत बापडे.

तेरावं झालं आणि तू नाशिकची नोकरी धरलीस. दिवाळीला सुट्टी नव्हती, संक्रांतीला नव्हती. तुझ्या विमा ऑफिसात सणवार नसतात का? सगळ्या डोंगरांची नावं पाठ असलेली पोर दिवसभर खुर्चीत बसते, हे मला पटत नाही. आषाढात आजोबांचं वर्षश्राद्ध आहे. तेव्हा तरी ये.

कागद संपला. माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी आजी,
चंपा

नाशिक
रविवार, ता. २ मार्च २०२५

ती. आजीला संचिताचा शि. सा. न.

तुझं पत्र हॉस्टेलच्या वॉर्डनबाईंनी हातात दिलं, तेव्हा जिन्यातच बसून वाचलं. चुका नाहीत. चंद्रावरच्या बाईपाशी मी खरंच हसले, खूप दिवसांनी. गाईडचं काम सोडू नकोस, पण चप्पल बदल. मी चांगले बूट पाठवते.

आजी, फोनवर जे बोलता येत नाही ते लिहून बघते. आजोबा गेले त्या रविवारी सकाळी मी जुन्या ऑफिसातल्या बारा जणांना तळ्यावर आणलं होतं, हे तुला माहीत आहे. मिनलला कातळावरून फोटो हवा होता. सगळेच मागे लागले. मी म्हटलं, मी आहे ना, मी हात धरून नेते. आणि मी फांदी उचलली. फेकली नाही, उंबराला टेकवून ठेवली, परत येताना ठेवू म्हणून. कातळावर एकेकाचा हात धरला, शेवाळ कुठे आहे ते दाखवलं, फार शहाणपणा केला. मग पावसाची मोठी सर आली आणि आम्ही पाण्याच्या कडेनं थेट बांधावर पळालो. उंबर मागेच राहिला. त्यांना बसपर्यंत सोडायला घोडबंदर रोडला गेले आणि तिथूनच मिनलकडे जेवायला. फांदी आठवली ती संध्याकाळी पप्पांचा फोन आला तेव्हा.

पण लोक वर गेले तेव्हा फांदी जागेवर होती. पप्पांनी स्वतः पाहिली. तेवढं एकच धरून मी इतके महिने काढले. कुणीतरी ती परत ठेवली असेल, आणि आजोबा खरंच विसरले असतील. आजी, त्या दिवशी घोडबंदरला बारशाला निघण्याआधी तू पुन्हा एकदा वर गेली होतीस का? तू ठेवलीस का ती? फक्त हो की नाही एवढं लिही. हो असेल तर मी पुढच्या शनिवारी घरी येते.

पप्पांना यातलं काही सांगू नकोस. माझ्यावरचा लोभ हे वाचूनही उरला तर उरू दे.
तुझी,
संचिता

चेणे
मंगळवार, ता. २५ मार्च २०२५

चि. संचू हिला आजीचे आशीर्वाद, आहेत तेवढे सगळे.

बूट मिळाले. लाल नाड्या बघून शेजारची इंदूबाई म्हणाली की चंपा आता शाळेत चालली. घालून अंगणात फिरले, कोंबड्या घाबरल्या. करवंदीला फूल आलंय, यंदा करवंदं भरपूर. मागच्या रविवारी वानरानं एका मुलाच्या हातातला वेफरचा पुडा नेला आणि तो मुलगा त्या वानराशी इंग्रजीत भांडला. तळं खाली गेलंय, कातळ पुरता उघडा पडलाय.

बघ, मी कुठल्या कुठे फिरतेय. तुझं पत्र येऊन दोन आठवडे झाले.

हो म्हणजे एकच अक्षर. ते मला लिहिता येतं. एका निळ्या पत्रावर लिहिलंसुद्धा, हो, मी ठेवली, तू ये. पाकिटासारखं दुमडलं, चिकटवलं. मग रात्रभर उशाशी राहिलं आणि सकाळी फाडून टाकलं. कारण हो म्हटलं की ह्यांनी फांदी ओलांडली, असं मीही म्हटल्यासारखं होतं. गावाला मी बोलू दिलं. पण तुझ्यापुढे तरी त्यांना खोटं पाडवत नाही. संचू, त्यांनी जन्मात कधी ओली फांदी ओलांडली नाही. त्या दिवशीही नाही.

मी पाचच्या सुमाराला घोडबंदरच्या बारशाहून आले. चहाचा कप मोरीत उपडा होता, म्हणजे हे फेरीला गेलेले. एव्हाना परत यायला हवे होते. तुझ्या पप्पांना, जितेशला, मागून यायला सांगितलं आणि मी पुढे गेले. उंबरापाशी पोचले तर फांदी झाडाला टेकलेली. फिरायला आलेल्या कुणी उचलली असती तर झुडपात भिरकावली असती. ही मात्र बुंधा खाली, पाला वर, नीट उभी केलेली, पान मोडू न देता. परत ठेवायची म्हणून ठेवलेली. असं आपल्याच घरचं माणूस ठेवतं. मला तिथेच कळलं.

मग मी खाली पाहिलं. छत्री पाण्यावर उलटी तरंगत होती, आणि तिच्या पलीकडे ह्यांचा सदरा.

आता लिहिते ते मी देवालासुद्धा सांगितलेलं नाही. जितेशच्या पायांचा आवाज येत होता. मी आधी फांदी आडवी ठेवली, मग हाक मारली.

डॉक्टर नंतर म्हणाले की जाऊन दोन तास झाले होते, काही उपयोग नव्हता. पण फांदी ठेवताना मला ते ठाऊक नव्हतं ना. तेवढ्या वेळात मी तुझाच विचार केला, त्यांचा नाही केला. पन्नास वर्षांचा संसार आणि मी त्यांना तेवढा वेळ थांबवलं. ते काही बोलले नसते. तू त्यांची किती लाडकी, तुला ठाऊक आहे. माझं नाव विसरले, तुझं नाही विसरले.

आणि एकटं कुणी सोडलं त्यांना? तीनच्या आत परत येते म्हणून मी गेले होते. बाळाचं नाव आरोही ठेवलं, पाळणा मीच म्हटला, सगळ्या बायका म्हणाल्या अजून एक म्हणा. मी अजून दोन म्हटले. वर जिलबी पुन्हा वाढून घेतली. तेव्हा तू एकटीच रडू नकोस. आपण दोघी आहोत.

वर्षश्राद्ध आषाढ शुद्ध अष्टमीला, म्हणजे तीन जुलै, गुरुवार. मी तुला नाही असं उत्तर लिहिलं, तरी ये.

रागावलीस तरी चालेल, तुटू नकोस.
तुझी आजी,
चंपा

नाशिक
गुरुवार, ता. १२ जून २०२५

ती. आजीला सा. न.

उत्तराला इतका उशीर झाला, माफ कर. तुझ्यावर रागावले नाही. ते तसं नाही.

आजी, मला यायला जमणार नाही. सुट्टी आहे, साहेबांना विचारून झालं, तिकीटही काढलं होतं. पण डोळ्यांपुढे आणून बघते. मी पानं वाढते आहे, आणि कुणीतरी म्हणतं की बिचारे नाथाकाका, फांदीसुद्धा विसरले. मी खीर वाढत पुढे जाऊ? आणि खरं बोलले तर पप्पा माझ्याकडे कसे बघतील? ज्या बापानं स्वतः पाण्यात उतरून आजोबांना वर काढलं, त्याला काय सांगू? तू मला झाकलंस, आणि त्यात आजोबांचं नाव गेलं. आयुष्यभर ज्यांनी दुसऱ्यांना वाट चुकू दिली नाही, त्यांच्याबद्दल हे बोलतात.

आजोबांना खिरीत वेलची जास्त लागायची. आठवणीने घाल.

तुझा लोभ मला पुरून उरला आहे, एवढं खरं.
तुझी,
संचिता

चेणे
शनिवार, ता. ५ जुलै २०२५

चि. संचू हिला आजीचे अनेक अनेक आशीर्वाद.

वेलची जास्तच घातली. इतकी की गुरुजींना ठसका लागला.

सगळं नीट पार पडलं. पंचवीस-तीस पानं झाली. रविवारच्या फिरणाऱ्यांपैकी पाच जण आले होते, चंद्रावरची बाईसुद्धा. आणि तू म्हणालीस तसंच झालं. इंदूबाईचा ज्ञानदेव पानावर बसल्या बसल्या म्हणाला की नाथाकाकांनी गावाला वाट दाखवली आणि शेवटी स्वतःच फांदी विसरले. वाईट बोलायचं म्हणून नाही बोलला, हळहळून बोलला.

मी भाताचं पातेलं खाली ठेवलं. सगळ्यांना सांगितलं की ते विसरले नव्हते. फांदी नव्हतीच. बारशाच्या नटण्यामुरडण्यात मीच त्या दिवशी ठेवायची राहिले, आणि नंतर लाजेनं आडवी टाकली. ज्ञानदेवानं ह्यांच्या फोटोला हात जोडले. एवढंच मला हवं होतं. तेव्हा आता तू मध्ये पडून माझं खोटं मोडू नकोस. माझ्या वयाला ते शोभतं, लोक म्हणतील म्हातारी विसरली.

जितेश पानावरून उठला नाही, पण जेवला नाही. दोन दिवस माझ्याशी बोलत नव्हता. आज सकाळी माझा चहा त्यानंच करून पुढ्यात ठेवला. साखर नव्हती. तसाच प्यायले.

आता खरी गोष्ट, जिच्यासाठी पत्र लिहायला घेतलं. गुरुवारी गुरुजी यायच्या आधी, सातच्या सुमाराला, मी ऐनाच्या झाडाची फांदी तोडून वर गेले. तुझे बूट घातले होते. उंबरापाशी पोचले तर फांदी होतीच. ऐनाचीच, ओली, चीक अजून सुकला नव्हता. बुंधा डोंगराकडे, पाला पाण्याकडे.

जितेशनं वर्षभरात तळ्याकडे पाऊल टाकलेलं नाही. मी तर हातात फांदी घेऊन उभी. मग उरलं कोण?

संचू, मला इतका आनंद झाला की मी उंबराखाली बसून मोठ्यानं हसले. मग हसू काही थांबेना आणि त्याचं दुसरंच काहीतरी झालं. एक वानर बघत बसलं होतं. माझी फांदी मी परत आणली आणि ह्यांच्या फोटोपाशी ठेवली.

येताना बांधावरून आले. चिखलात बुटांचे ठसे होते, माझ्या बुटांसारख्याच नक्षीचे. आपल्या परसाच्या वळणापर्यंत आलेले. तिथे जांभळीखाली चिखल पुष्कळ तुडवलेला होता, बराच वेळ कुणी उभं राहिल्यासारखा. तिथून आपलं मागचं दार दिसतं. मी त्या वेळी खीर ढवळत असेन, आणि दार उघडंच होतं. मग ते ठसे खाली रस्त्याकडे गेले.

जांभळीपासून दारापर्यंत फार तर शंभर पावलं. ह्या वेळी तेवढी राहिली, राहू देत. पण त्या वाटेवर मी कधी फांदी टाकलेली नाही, कुणी टाकली तर मी उचलीन.

ह्या आजीला जीव लावून ठेव.
तुझी,
चंपा

ता. क. पाचांपैकी एकच निळं पत्र उरलंय. आणखी मागवणार नाही.