गोड पाण्यात चिमूटभर मीठ

कुंदाच्या बाबाले,
अमरावतीहून रामराम.

डोळ्याची पट्टी निघाली. समोरच्या गच्चीवरचे कबूतरं मोजता येतात. कुंदा, जावई खुशाल आहेत. फोनवर तुमी नुसतं "हो, हो" म्हणता, म्हणून लिहून राहिली.

इथचं नळाचं पाणी गोड. तुरीची दाळ दोन शिट्ट्यांत शिजते. पण माही तहान काही जाईना. सारा जन्म आपल्या खाऱ्या विहिरीवर गेला, जीभ तिचीच झाली. मंग मी लपून गिलासात चिमूटभर मीठ टाकून पिऊ लागली.

नात आकांक्षा कॉलेजात पाणी तपासाचं शिकते. तिच्यापाशी पाण्यातला खार मोजाचा पेनाएवढा मीटर आहे. तिनं माह्या गिलासात बुडवला आन म्हणे, "आजी, हे नळाचं पाणी नाही." चोरी पकडली गेली. मंग प्रवासासाठी आणलेली आपल्या विहिरीची बाटली तिच्यापुढं ठेवली. आकडा पाहून पोरगी हसायची थांबली.

"आबा अजून हेच पितात?"

मी म्हटलं, "किडनीच्या डॉक्टरनं विहीर सोडाले सांगितलं, त्यायनं सोडली." खरं बोलली का मी? पायाची सूज उतरली का?

मी मीठ सोडलं. आठ दिवस पाणी बेचव लागलं, आता चांगलं लागते. तुमालेही लागन. गोड पाण्याचा नळ आता आपल्याही आंगणातच आहे.

सोमवारी दर्यापूरच्या गाडीनं येतो. मीटर संगं आणतो. आल्याबरोबर माठात बुडवीन, आकडा मीच वाचीन. माठ धुऊन भराले तुमाले तोवर वेळ आहे.

गोदा